जयाआक्कानं भरलेली विहिरीची ओटी

जयाआक्का माझी थोरली जाऊ. तिला जाऊन आता वरीस होईल. तिची आठवण आली की मला आधी हसूच येतंय, डोळं मागनं भरत्यात.

वडगावात आमचे दोन माग. आक्का साड्या विणायची. पण तिला खरा गर्व परसातल्या विहिरीचा. अख्खी गल्ली तिथनं प्यायचं पाणी न्यायची. हिंडलग्याचा पाव्हणा आला तरी जाताना त्याला क्यान भरून द्यायची.

दुसरा गर्व एका साडीचा. आमच्या घरामागं एक शेड झालती, कापडाला लेप द्यायची. लेप दिला की पाणी ठरत न्हाय, डाग पडत न्हाय. तिथल्या मालकानं आक्काला तसली एक साडी दिली. कोण पाव्हणी आली की आक्का सगळ्यांसमोर पदरावर चहा वतायची. पाव्हणी किंचाळायची, चहा घरंगळून खाली, आणि आक्का हसून हसून बेजार. फरशी मात्र मलाच पुसाय लागायची.

मग आक्काची लेक आरोही बाळंतपणाला आली. सातवा महिना. आक्का रोज विहिरीचं पाणी चुलीवर ठेवायची, निम्मं आटवायची आणि तेच तिला द्यायची. आमच्यात गरवारशीला असंच देत्यात, हलकं असतंय म्हणून.

गल्लीतला युवराज कालेजात केमिस्ट्री शिकवतोय. त्यानं विहिरीचं पाणी तपासाय धाडलतं. एक दिवस कागद घेऊन आला.

"काकू, हे पाणी पिऊ नका. लेपातलं केमिकल विहिरीत उतरलंय. पीएफएएस म्हंत्यात त्याला."

"वास न्हाय, रंग न्हाय, आणि केमिकल? अरं मी निम्मं आटंपतोर उकळती की!"

युवराजनं डोक्याला हात लावला. "काकू, वाफ पाण्याची हुतीया, केमिकल भांड्यातच ऱ्हातंय. आटवून तुमी ते दुप्पट केलासा."

आक्कानं चुलीवरच्या पातेल्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "माझ्या हातानं पाजलं की रं. बाळाला काय हुईल?"

"हुईलच असं न्हाय. पण बाळाचं वजन कमी भरू शकतंय. आणि लई वर्सं प्यायलं तर थायरॉईड, किडनीचा कॅन्सर, असले धोके वाढत्यात. आजपासनं बंद करा आणि डॉक्टरला सांगा. नळाचं पाणी तपासलंय मी, त्यात न्हाय."

आक्का उठली, चुलीवरचं पातेलं मोरीत पालथं केलं. पण गल्लीला कोण सांगणार? युवराजचं कोण ऐकंना. शेजारची यल्लव्वा तर म्हणाली, "नळाचं प्यायला आमी काय आजारी हाय व्हय?"

शुक्कीरवारी आक्कानं विहिरीपाशी हळदीकुंकू ठेवलं. तीच साडी नेसली, पदरावर चहा वतला. बाया हसल्या.

"हसा. हे लेपातलं केमिकल चहाला दाद देत न्हाय, तर तुमच्या पोटातनं काय लवकर जातंय? हेच माझ्या विहिरीत हाय."

मग आक्कानं खण, नारळ, तांदूळ घेतलं आणि कठड्यावर विहिरीची ओटी भरली, सासरी निघालेल्या लेकीची भरावी तशी.

"तिची चूक न्हाय गं. ती आजारी हाय. आजारी लेकीला कोण पाणी भराय लावतंय व्हय?"

यल्लव्वानं डोळं पुसलं, तरी बोललीच. "आणि आमी प्यायचं काय, तुझा पदरावरचा चहा?"

"नळावर ये, भवाने. तुझी पयली घागर मी उचलून देती."

आणि दिली. त्या दिवसापासनं विहिरीवर झाकण आणि झाकणाला कुलूप. ती साडी पेटीत गेली. शेडवाल्यावर गल्लीनं तक्रार दिली, ती अजून चाललीया.

आरोहीला पोरगी झाली. आक्कानं नर्सला तीनदा वजन कराय लावलं. "आजीबाई, तीन किलो शंभर हाय, काटा बदलू काय?" नर्स वैतागली. आक्कानं दवाखान्यातच पेढं वाटलं, पयला नर्सच्या तोंडात कोंबला.

आक्का झोपेतच गेली. पाण्यानंच गेली असं मी म्हणणार न्हाय, डॉक्टरबी म्हणाला न्हाय.

पण दर शुक्कीरवारी ती झाकणावर थाप मारून विचारायची, "काय गं, बरं वाटतंय काय?" आता आरोही माहेरी आली की ती थाप नात मारती. अडीच वर्साची हाय, उत्तर आल्याबिगर हलत न्हाय. मग मीच कठड्याआड वाकून बारीक आवाज काढती, "न्हाय गं बाय, अजून थोडं दिवस."

"बरं, झोप," म्हंती, आणि नळाकडं पळती.