गच्ची, कुरडया आणि मोकळ्या मांड्या

मुलीच्या लग्नाच्या बैठकीत बायको विहीणबाईंना म्हणाली, "रुखवतातलं सगळं आमच्या हातचं असेल. विकतची एक कुरडईसुद्धा नाही!" मी टाळी वाजवणार, तेवढ्यात आठवलं: आमच्या तळेगावच्या इमारतीला गच्ची एकच, आणि उन्हाळ्यात वाळवणं घालणारी घरं मात्र सगळीच.

बायकोचा शब्द पणाला लागला होता. आणि मी कोण? जवळच्याच नवलाख उंबरे गावातल्या कारखान्यात कुठल्या यंत्रावर कधी काय काढायचं, कुठल्या ट्रकात काय भरायचं, हे ठरवणारा माणूस! जे सगळ्यात अपुरं, तिथून आखणी सुरू करायची, हे आमचं पहिलं सूत्र. इथं अपुरी होती उन्हातली जागा.

मी गळ्यात शिट्टी अडकवून पाण्याच्या टाकीवर चढलो. "कडक ऊन फक्त कुरडयांना! पापड घरात, पंख्याखाली!"

"अहो भाऊ, उतरा खाली," तळमजल्यावरच्या काकू ओरडल्या. "टाकी फुटली तर पापड पोहतील!"

पण ऐकलं सगळ्यांनी. पूर्वी सगळ्यांचे गहू एकदमच भिजायचे आणि चीक शिजला की जागेवरून भांडणं. आता एकीच्या कुरडया उचलल्या जातात तोवर दुसरीचा चीक तयार, अशा बेताने मी गहू भिजवायला लावले. वळिवाचे ढग जमेपर्यंत गच्ची मोकळी!

मग वाहतूक, थेट लोणावळ्याच्या लग्नकार्यालयापर्यंत. कुरडई वजनाला पीस, जागेला हत्ती आणि स्वभावाने जावई: जरा धक्का लागला की बिनसलं. आमच्या डिकीत निम्मे डबेही मावेनात. दुसरी फेरी मारावी तर सुट्टीच्या दिवशी लोणावळ्याचा रस्ता हलत नाही. वऱ्हाडाच्या बसमधली माणसं मोजता मोजता मी ओरडलो, "अगं, मोकळ्या मांड्या किती आहेत बघ!"

"मांड्या मोजताय? शोभतं का या वयात?"

शोभलं. प्रत्येक मांडीवर एक डबा. गतिरोधक आला की मी शिट्टी वाजवायचो आणि अख्खं वऱ्हाड डबे अधांतरी धरायचं.

कार्यालयात विहीणबाईंनी एक कुरडई उजेडात धरली. "एकही मोडलेली नाही. खरं सांगा, कुठल्या दुकानातली?"

बायकोचा चेहरा उतरला. मी शेरवानीच्या खिशातून शिट्टी काढून जोरात फुंकली. "साक्षीदारांनी उभं राहावं!"

सगळी इमारत उभी राहिली. काकू तर खुर्चीवरच चढल्या. "चीक मी घाटलाय, विहीणबाई! आणि हा माणूस टाकीवर बसून आमच्यावर ओरडत होता!"

विहीणबाई हसत सुटल्या. कुरडई जपून जागेवर ठेवत म्हणाल्या, "मग पुढच्या उन्हाळ्यात यांना आमच्या टाकीवर पाठवा."

"पाठवते की," बायको ताठ मानेनं म्हणाली. "मांड्या तेवढ्या तुमच्या लागतील."