रिकामा रकाना

तेन्मोळीला कंपनीत दहा वर्षं पूर्ण झाली तेव्हा तिला काचेची एक पाटी मिळाली. जाड काच, तासलेल्या कडा, आत मोटारीच्या सीटचं चित्र आणि त्याखाली कोरलेलं नाव: फनू.

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या त्या कचेरीतल्या शंभरेक माणसांनी टाळ्या वाजवल्या. तेन्मोळीने पाटी घेतली, नाव वाचलं, मागच्या बाजूला आणखी काही लिहिलंय का ते पाहिलं आणि पाटी देणाऱ्या ब्रेंडाला विचारलं, "ही कोणाची?"

"तुझीच गं. कॉम्प्युटरमध्ये पहिलं नाव हेच आहे तुझं."

"दहा वर्षं तू मला काय हाक मारतेस, ब्रेंडा?"

ब्रेंडा गोंधळली. "टेन," ती म्हणाली. "पण पाटी कॉम्प्युटरवरून जाते ना."

फनू हे नाव नव्हतंच. तिचं नाव तेन्मोळी. तमिळमध्ये तेन् म्हणजे मध आणि मोळी म्हणजे बोली. सरपणाशी काही संबंध नाही. आडनाव नव्हतं, आणि ते विसरून राहिलेलं नव्हतं. तिचे अप्पा, इलंगो मास्तर, कारैक्कालच्या सरकारी शाळेत गणित शिकवायचे. ते स्वतः शाळेत शिकत होते तेव्हा हजेरी घेताना तिथले मास्तर मुलाच्या नावामागे त्याच्या जातीचं शेपूट लावून पुकारत. नोकरी लागल्यावर इलंगोंनी पहिलं काम केलं ते स्वतःचं शेपूट कापण्याचं. पुढे मुलीच्या पासपोर्टचा अर्ज भरताना आडनावाच्या रकान्यात त्यांनी फूटपट्टी धरून एक सरळ रेघ मारली.

अमेरिकेच्या व्हिसाला मात्र दोन नावं लागत. मग असलेलं एकुलतं एक नाव आडनावाच्या जागी गेलं आणि पहिल्या नावाच्या जागी तीन अक्षरं आली: एफ, एन, यू. पहिलं नाव अज्ञात. व्हिसावरून ती अक्षरं गाडीच्या परवान्यावर गेली, बँकेत गेली, विम्यात गेली. दातांच्या दवाखान्यात मुलगी दारातून "फनू?" असं पुकारायची आणि तेन्मोळी उठून आत जायची. कंपनीत आणखी दोन फनू होते, एक तिरुनेल्वेलीचा आणि एक इंडोनेशियाची. जेवणाच्या टेबलावर तिघं एकमेकांना भाऊबंद म्हणत.

नाव दुरुस्त करायचं म्हटलं की कंपनीचे वकील म्हणत, "फाइल हलवू नका. ग्रीन कार्ड हातात येऊ दे, मग हवं ते नाव लावा."

आणि ग्रीन कार्डाची तर रांग होती. ज्या दिवशी अर्ज रांगेत लागला ती त्या माणसाची तारीख, आणि ती तारीख जन्मतारखेपेक्षा जास्त विचारली जायची. दर महिन्याच्या मध्यावर सरकारचं पत्रक यायचं. रांग कधी दोन आठवडे पुढे सरकायची, कधी वर्षभर मागे जायची. तेन्मोळीची तारीख मे २०१४. एकदा तिने गेल्या सात वर्षांतली सरासरी काढून पुढे मांडून पाहिली. ती एक्क्याण्णव वर्षांची असताना नंबर लागत होता. तिने तो कागद फाडला नाही. घडी घालून पासपोर्टात ठेवला.

पाटी मिळाली त्या संध्याकाळी तिने कॅनडाच्या कायमच्या वास्तव्याचा अर्ज उघडला. करमणूक म्हणून, असं तिने स्वतःला सांगितलं. पहिल्याच पानावर नावाचे दोन रकाने होते आणि त्याखाली बारीक अक्षरांत सूचना होती: एकच नाव असल्यास ते आडनावाच्या रकान्यात लिहावे आणि दुसरा रकाना रिकामा सोडावा.

रिकामा सोडावा. तिने ते चार वेळा वाचलं. मग ते पान छापून घेतलं आणि त्या ओळीवर पिवळी रेघ ओढली.

वय एकेचाळीस, म्हणजे कॅनडा अर्जदाराला जे गुण देतो ते कमी होत चाललेले. ते भरून काढायला फ्रेंच हवं होतं. कारैक्कालवर कधीकाळी फ्रेंचांचं राज्य होतं. अप्पांच्या शेजारी अरुळप्पन तात्ता, म्हणजे आजोबा, राहायचे. फ्रेंच फौजेत नोकरी केलेले, फ्रान्सची पेन्शन खाणारे, चौऱ्याऐंशी वर्षांचे. रोज सकाळी सातला, कचेरीच्या आवारात गाडी लावून, तेन्मोळी त्यांना फोन करायची. तिकडे त्यांची संध्याकाळच्या कॉफीची वेळ असे.

पहिला धडा होता: माझं नाव अमुक. तेन्मोळीने गंमत म्हणून सांगितलं, "माझं नाव फनू." तात्तांनी फोन ठेवला. तिने परत लावला.

"कुत्र्याला नाव असतं," तात्ता म्हणाले. "मी माणसाला शिकवतो. नीट सांग."

तिने नीट सांगितलं. चौदा महिने ती नीट सांगत राहिली, परीक्षा दिली, अर्ज केला, आणि पुढच्या वर्षी कॅनडाचा होकार आला. त्यात अट एकच होती. सतरा नोव्हेंबरच्या आत सरहद्द ओलांडून हजर व्हायचं; नाही तर कागद रद्द, आणि वाढलेल्या वयाला पुन्हा तेवढे गुण मिळण्याची आशा नाही. नदीपलीकडे विंडसरला सीटचे सांगाडे बनवणाऱ्या एका कारखान्याने तिला नोकरी देऊ केली होती. पगार चौथ्या हिश्श्याने कमी होता.

तिने ही बातमी मंगै अक्काच्या घरी, रविवारच्या जेवणावळीत सांगितली. मंगैयर्करसी हे अक्काचं पूर्ण नाव. कचेरीत ती मॅगी. जवळच्याच कँटन गावातल्या तिच्या घरी महिन्यातून एकदा वीसेक तमिळ माणसं जमायची, आणि नवीन कोणी आलं की ओळख व्हायची ती अशी: "हा सेंदिल, नोव्हेंबर बारा. ही त्याची बायको, तिला त्याचीच तारीख."

"मे चौदा आम्हाला सोडून चालली," अक्का पुळियोदरैचं, म्हणजे चिंचेच्या भाताचं, पातेलं टेबलावर आदळत म्हणाली. "बारा वर्षं रांगेत उभी राहिली आणि आता म्हणते पाय दुखले."

"पाय नाही दुखले, अक्का. रांग हलत नाही हे कळलं."

"सगळ्यांनाच कळलंय. म्हणून कोणी उठून जातं का? मधेच उठलं की जागा गेली."

"जागा जात नाही," सेंदिल म्हणाला. "तारीख कागदावर राहते तिची."

"राहू दे ना कागदावर. पण नवा अर्ज करायला कोणी कंपनी नको तिच्या वतीने?" अक्का तेन्मोळीकडे वळली. "आणि नावाचंच दुखणं असेल तर आम्ही सगळ्यांनी केलं ते कर. बापाचं नाव मागे लाव. तेन्मोळी इलंगो. काय वाईट दिसतं?"

"वाईट नाही दिसत."

"मग? पगार कमी, माणसं अनोळखी, आणि थंडी तर तीच."

"थंडी तीच आहे तर बिघडलं कुठे?" तेन्मोळी म्हणाली आणि लोणच्याची बरणी पुढे ओढली. सगळे हसले. अक्का हसली नाही. निघताना तिने तेन्मोळीच्या हातात परुप्पुपोडीचा, डाळीच्या सुक्या चटणीचा, डबा ठेवला आणि म्हणाली, "हट्टी आहेस. बापावर गेलीस."

तिने बापालाही फोनवर विचारलं.

"लाव माझं नाव," अप्पा म्हणाले. "इलंगो. सुटसुटीत आहे. यंत्राला आवडेल."

"रेघ तुम्ही मारलीत ना, अप्पा?"

"तेव्हा मला काय ठाऊक, ती रेघ समुद्र ओलांडेल म्हणून. मला वाटलं, चेन्नईपर्यंत जाईल फार तर."

"आता ओलांडलीय. आता ती पुसायची नाही."

"तुला त्रास होतो, बाळा."

"तुम्हाला नव्हता झाला?"

"झाला," अप्पा म्हणाले. "हेडमास्तरांनी दोन वर्षं माझी फाइल दाबून ठेवली होती. पण माझ्या गावात होतो मी. तू परक्यांत आहेस."

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिने राजीनामा दिला, आणि दुसऱ्या दिवशी डगने तिला बोलावलं. डग तिचा साहेब. माणूस सरळ, रविवारी मासे धरणारा, सोमवारी त्यांचे फोटो दाखवणारा. त्याने समोर एक कागद ठेवला. नव्या पिकअप ट्रकच्या सीटचं सगळं काम तिच्या हाताखाली, सहा माणसं, स्वतंत्र खोली.

"जानेवारीत काम सुरू होतंय," तो म्हणाला. "तोवर थांब. मग सहा महिने बघ. नाहीच पटलं तर जा."

"माझा कागद सतरा नोव्हेंबरला संपतो, डग."

"कॅनडा कुठे पळून जातोय? माझ्या होडीतून दिसतो."

तो कागद घेऊन ती आपल्या टेबलाशी आली. टेबलाखाली जुन्या सीटचा रूळ पडलेला असायचा. सीट पुढेमागे सरकवताना जो खटका बसतो, तो तिने आठ वर्षांपूर्वी बसवला होता. रस्त्यावरच्या लाखो गाड्यांत तो खटका होता. तिने पायाने रूळ सरकवला. खट्. ट्रकची सीट मोठी, वजन जास्त, खटका नव्याने करावा लागला असता. कसा करायचा हेही तिला दिसत होतं. ते काम तिला हवं होतं. दोन दिवस ती नीट जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी ती डगकडे गेली.

"खोलीच्या दारावर काय नाव लावणार?"

डगचा चेहरा उजळला. "तुझं पूर्ण नाव लावतो. अक्षरं कितीही असोत."

"आणि फाइलवर?"

"फाइल वकिलांची आहे, टेन. माझ्या हातात नाही ते. थांब जरा, होईल कधीतरी."

"बारा वर्षं मला सगळे थांब म्हणतात. तू त्यातल्या त्यात गोड आवाजात म्हणतोस." तिने कागद टेबलावर ठेवला. "खोलीही वकिलांनाच दे."

शेवटच्या दिवशी तिने काचेची पाटी स्वच्छ पुसली, ब्रेंडाच्या टेबलावर ठेवली आणि वर चिठ्ठी चिकटवली: मालक सापडला नाही.

चौदा नोव्हेंबरला ती नदीखालच्या बोगद्यातून पलीकडे गेली. गाडीत सहा खोकी, इडलीपात्र, दगडी ग्राइंडर आणि त्या सगळ्याची चार प्रतींतली यादी. सरहद्दीवरच्या कचेरीत आठदहा माणसं बाकांवर बसली होती. खिडकीमागे चष्मा लावलेला, निवृत्तीला आलेला अधिकारी होता. त्याने कागद पाहिले.

"पहिलं नाव?"

"नाही."

"म्हणजे माहीत नाही?"

"माहीत आहे. नाही, हे माहीत आहे."

त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग पडद्यावर. "तुमच्या अमेरिकन व्हिसावर फनू दिसतंय. तेच टाकू का? सगळीकडे सारखं असलं की पुढे तुम्हालाच त्रास नाही."

तो मनापासून म्हणत होता. एक बटण दाबायचं होतं. मागे बाकावर कोणाचं तरी मूल कुरकुरत होतं.

"नको," तेन्मोळी म्हणाली. तिने पिशवीतून पिवळ्या रेघेचं पान काढलं आणि खिडकीतून आत सरकवलं. "तुमच्याच अर्जावर लिहिलंय. रिकामा सोडावा."

त्याने वाचलं. आत जाऊन वरिष्ठांना विचारून येतो म्हणाला. बाकावरच्या एका गृहस्थाने सुस्कारा सोडला. तेन्मोळी खिडकीपाशीच उभी राहिली. वीस मिनिटं झाली. तिने पासपोर्टातला घडी घातलेला कागद काढला, एक्क्याण्णव हा आकडा पाहिला, आणि कागद फाडून जवळच्या टोपलीत टाकला.

अधिकारी परत आला. "बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला आणि टाइप करू लागला. मग थांबला. "पण मी तुम्हाला हाक काय मारू? मिस टेन-मो-झी?" तिच्या नावातला ळ इंग्रजीत झेड-एच असा लिहिला जायचा.

"तेन्मोळी."

"टेनमोली."

"शेवटचं अक्षर जिभेचं टोक मागे वळवून. टाळूला लावायचं नाही. घाई नाही मला."

घाई बाकाला होती. अधिकाऱ्याने तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा बाकावरच्या सुस्कारेवाल्या गृहस्थाच्या तोंडून ते त्याच्या आधी बाहेर पडलं, जवळजवळ बरोबर. "असंच," तेन्मोळी वळून म्हणाली. अधिकाऱ्याने चौथ्यांदा म्हटलं. पूर्ण जमलं नाही, पण जीभ वळली. तिने मान हलवली आणि सही केली.

डिसेंबरच्या मध्यावर ती विंडसरच्या घरात डोसे घालत होती तेव्हा मंगै अक्काचा फोन आला.

"पत्रक आलं. पाहिलंस का?"

"नाही. आज तारीख काय आहे तेही पाहिलं नाही."

"रांग मागे गेली. दीड वर्ष मागे. मी ऑगस्ट तेरा. माझा नंबर आणखी लांब गेला."

तव्यावरचा डोसा जळायला लागला होता. तेन्मोळीने गॅस बंद केला.

"ऐक," अक्का आवाज खाली आणून म्हणाली. "तुझ्या त्या फ्रेंचवाल्या म्हाताऱ्याचा नंबर दे. माझ्या भाचीसाठी हवाय."

"भाचीचं वय काय?"

"चव्वेचाळीस," अक्का म्हणाली, आणि मग चिडून, "आता हसू नकोस. आणि इतक्यात कोणाला बोलू नकोस."

"नाही बोलत. सकाळी सातला लावा फोन, त्यांची कॉफीची वेळ असते. आणि अक्का, नाव पूर्ण सांगा. मॅगी म्हणालात तर ते फोन ठेवतात."