सहा नंबरच्या गाडीच्या चाकामागचा दगड

गाडी उशीवरून अर्धी उतरली होती.

सोमवारी सकाळी माझ्या स्क्रीनवर अलार्म दिसला, म्हणून मी हॉलमध्ये गेले. जपानमध्ये त्सुकुबातल्या आमच्या कंपनीत लोक आपल्या जुन्या, किमती गाड्या हिवाळाभर ठेवतात. टायर प्रेशर मोजणारी सेन्सर सिस्टिम मी सांभाळते. गाडी महिनोन्महिने एका जागी उभी राहिली की टायरचा टेकलेला भाग चपटा होतो. त्याला फ्लॅट स्पॉट म्हणतात. थंडीत रबर कडक झालं की तो सहज जात नाही. म्हणून आम्ही हवा थोडी जास्त भरतो आणि प्रत्येक चाकाखाली खोलगट रबरी उशी ठेवतो.

सहा नंबरच्या गाडीचं मागचं डावं चाक उशीच्या कडेवर उभं होतं. कड टायरमध्ये रुतली होती. आणि चाकामागे फाटकाजवळच्या वाफ्यातला एक दगड.

गाडी पेंडसे सरांची. ते पुण्याचे, बँकेत मोठ्या पोस्टवर, टोक्योत फुनाबोरीला राहतात. त्या जुन्या गाडीचे टायर आता बनत नाहीत.

मेकॅनिक ओनुकी-सान म्हणाले, "शनिवारी तपासली तेव्हा बरोबर होती."

एवढंच. ते फार बोलत नाहीत. मीही बोलत नाही, तरी त्या दिवशी त्यांचं गप्प राहणं मला खटकलं.

दाराच्या नोंदी पाहिल्या तर रविवारी ते उघडलं होतं पेंडसे सरांच्याच कार्डने. मी फोन केला.

"सर, काल तुम्ही आला होतात का?"

"मी ओसाकात होतो. बायको गाडी चालवत नाही. कार्ड कोण बनवतं तुमच्याकडे?"

"ओनुकी-सान."

"मग झालं! डुप्लिकेट बनवून फिरवतोय माझी गाडी. हे बघ, तू आपली मुलगी म्हणून सांगतो. लक्ष ठेव त्याच्यावर. आणि बॉसला सांग, तो माणूस तिथे राहिला तर मी गाडी हलवणार."

बॉस हिराई-सानना मी ते सांगितलं. कानावर पडेल इतक्या अंतरावर ओनुकी-सान उभे होते.

हिराई-सान जमिनीकडे बघत म्हणाले, "ओनुकी-सान, उद्यापासून काही दिवस घरी थांबा."

"हाय," ओनुकी-सान म्हणाले. म्हणजे हो.

मी लक्ष ठेवलं. ते खांबापाशी गेले. तिथे हुकाला अडकवलेला पिवळा स्टॉपर काढून त्यांनी सहा नंबरच्या गाडीच्या चाकामागे लावला, मग दगड उचलला. आमच्या प्रत्येक खांबावर असा स्टॉपर आहे. तो सोडून बाहेर जाऊन, फाटकाजवळच्या वाफ्यातला दगड कोण उचलून आणेल?

पुण्यात आमच्या सोसायटीच्या उतारावर प्रत्येक गाडीमागे दगड असतो. बाबांचा तर ठरलेला आहे, दुसऱ्या कोणी घेतला तर भांडण.

मी परत फोन लावला. "सर, पुण्याहून कोणी आलंय का?"

"बाबा आलेत. इथे शेजारीच बसलेत. का?"

"गाडी लावली की चाकामागे ते काय ठेवतात, एवढं विचाराल?"

पलीकडून खणखणीत आवाज आला, "दगड! दुसरं काय ठेवणार? आणि तिला म्हणावं, गाडी अशी बंद ठेवू नका, बॅटरी उतरते. दहा मिनिटं चालू केली, जरा पुढेमागे केली. त्या उशा कसल्या घातल्यात? एक चाक परत चढेचना."

"बाबा, तुम्ही एकटे त्सुकुबाला गेलात?"

"सूनबाईनं कार्ड न् किल्ली दिली. तू असतोस कुठे घरी?"

फोन कट झाला.

मी हिराई-सानना सगळं सांगितलं. ओनुकी-सान दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला कामावर होते. शनिवारी पेंडसे सर मिठाईचा बॉक्स घेऊन आले आणि त्यांच्यापुढे कमरेत वाकले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. टायर गरम करून फिरवल्यावर खळगा बराचसा भरला, पण वेगात गाडी अजून किंचित थरथरते. त्याची तक्रार मात्र कधी आली नाही.

आता भारतीय मालक गाडी ठेवायला आले की हिराई-सान त्यांना माझ्याकडे पाठवतात. मी हवेबद्दल आणि उशीबद्दल सांगते. मग विचारते, हिवाळ्यात वडील येणार आहेत का?