बाजेवर शिक्का

कुणाच्याही अंगणात गेले की भाऊ आधी बाजेवर थाप मारायचे. "हे काय होय?" घरातले म्हणायचे, "बाज." "मंग माणसाचं नाव विसरा. हे ध्यानात ठेवा." चहा त्यानंतर.

पंचायत समितीची निवडणूक तुम्ही जवळून पाहिली असेल, तर खेड्यात पक्ष म्हणजे चिन्ह हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या छोट्या समाजवादी पक्षाचं चिन्ह होतं खाट, म्हणजे आमच्याकडची बाज. भाऊ दारव्ह्याच्या बाजार समितीत मापारी होते. माझं झेरॉक्सचं दुकान जवळच, त्यामुळे पत्रकं माझ्या माथी आणि माझी मोटारसायकल त्यांच्या दिमतीला.

नुसतं शिकवून त्यांचं भागत नसे, ते परीक्षाही घ्यायचे. शिकवून झालेल्या एखाद्या तांड्यावर, बंजारा वस्तीवर, पुन्हा जाऊन गंभीर चेहऱ्यानं सांगायचे की यंदा चिन्ह बदललं, आता कपबशी. जो हो म्हणून मान हलवी त्याची खैर नसे. जी म्हातारी हसून बाजेकडे बोट दाखवी तिला शाबासकी. लोकांना या खेळाची गोडीच लागली होती.

याच जोरावर पक्ष वाढला. आधी ग्रामपंचायती आल्या, मग पंचायत समिती, मग चक्क एक आमदार. त्यानं दुसऱ्याच वर्षी मोठ्या पक्षाचा दुपट्टा गळ्यात घातला. मागोमाग सभापती गेले, सदस्य गेले, जाताना कार्यालयातल्या खुर्च्याही घेऊन गेले. मला त्यांचा अजून संताप येतो. भाऊ मात्र म्हणायचे, "माणसं गेले त जाऊ द्या. चिन्ह आपलंच आहे."

तेही राहिलं नाही. मतं घटली तसा चिन्हावरचा हक्क गेला. शेवटच्या निवडणुकीत उभं राहायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून जन्मभर दुसऱ्यांसाठी घसा फोडणाऱ्या भाऊंना उमेदवारी मिळाली. बाज दोघांनी मागितली, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. ती गेली एका ठेकेदाराकडे. त्याच्याच मजुरांसाठी भाऊ कधीकाळी तहसीलीसमोर उपोषणाला बसले होते. भाऊंच्या वाट्याला आला एअर कंडिशनर.

आम्ही गावोगाव फिरलो. बाज आता आपली नाही, एसीचं बटन दाबा, असं भाऊ हात जोडून सांगत होते आणि लोक हसत होते. त्यांना वाटलं, परीक्षा चालू आहे. भाऊ गळ्याची शपथ घ्यायला लागले, तेव्हा तर ते पोट धरून हसले.

ठेकेदार निवडून आला. ज्या तांड्यांवर त्यानं पाऊल टाकलं नव्हतं, तिथूनच त्याला भरभरून मतं पडली.

निकालानंतर आम्ही एका तांड्यावर गेलो. तिथल्या बंजारा म्हातारीला भाऊ याडी म्हणायचे, म्हणजे आई. बाज जिंकल्याचं तिच्या कानावर आलं होतं, म्हणजे भाऊच जिंकले. तिनं त्यांच्या तोंडात गूळ घातला. "किती फसवून पाह्यलं तू आमाले. पण एकबी माणूस फसलं नाही."

माझ्या अगदी ओठावर आलं होतं. भाऊंनी माझा हात दाबला. "शाबास, याडी," ते म्हणाले.

परतताना मी चिडून विचारलं, खरं काहून नाही सांगितलं? "सांगतलं असतं, त याडी जन्मात पुन्हा बटन दाबाले आली नसती."

त्यानंतर भाऊ तांड्यांवर फिरकलेच नाहीत. आता ते मारेगावला लेकीकडे असतात, कुणाशी फारसं बोलत नाहीत.

याडी मला आठवडी बाजारात भेटते. परवा भाऊंचा विषय निघाला, तर तिनं तोंड फिरवलं.

"निवडून आला अन् पुन्हा दिसला नाही," ती म्हणाली. "तोबी तसाच निघाला."