झिंग्यांना भिणारा बहाद्दर

माझ्या बायकोच्या मामांइतका घाई नसलेला माणूस अख्ख्या चंद्रपूर-गडचिरोलीत सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो बहुधा झोपलेला असेल. मामा सावली गावचे. सगळा जन्म तलावात मासे धरण्यात गेला, त्यामुळे जगातल्या प्रत्येक जिवाशी ते मासोळी समजूनच वागतात. पाऊल वाजवायचं नाही, आवाज चढवायचा नाही, आणि ज्याला जवळ आणायचं त्याच्याकडे चुकूनही बघायचं नाही. आमच्या लग्नात त्यांनी आशीर्वाद दिला तो मांडवाच्या खांबाकडे तोंड करून. मला त्या खांबाचा बरेच दिवस हेवा वाटत होता. सदऱ्याच्या खिशात बारा महिने सुके झिंगे. ते कुठंही निघाले की गल्लीतली मांजरं मागून वऱ्हाडासारखी चालतात.

गेल्या हिवाळ्यात ते आमच्याकडे कोरपन्याला आले, तेव्हा घरात एक पेच होता. आमच्या कुत्र्याचं नाव मी मोठ्या हौसेनं बहाद्दर ठेवलंय. जवळच्या चुनखडीच्या खाणीत दुपारी दोनला भोंगा वाजतो आणि थोड्या वेळानं सुरुंग उडतो. भोंगा झाला की बहाद्दर लटपटत पलंगाखाली. दार उघडं सापडलं तर सुसाट रस्त्यावर. एकदा तर ट्रकखाली जाता जाता वाचला. त्या दिवशी बायकोनं सांगून टाकलं, महिनाभरात हा सुधारला नाही तर याला पोंभुर्ण्याला माझ्या भावाच्या शेतावर पाठवायचं. तिथं बिबटे आहेत, असं मी म्हणालो. ते भोंगा वाजवत नाहीत, असं ती म्हणाली.

माझे उपाय करून झाले होते. कानात कापूस घातला, तो त्यानं काढून खाल्ला. सवय व्हावी म्हणून मोबाइलवर फटाके ऐकवले, तर तो मोबाइललाही भिऊ लागला. शेवटी मी पलंगाखाली अर्धा शिरून त्याला धीराच्या चार गोष्टी सांगत होतो, तर मागून मामांचा आवाज आला, "जवाई, तुमी काऊन एवढे घाबरून राह्यले?"

मग त्यांनी पलंगाकडे पाठ करून बसकण मारली आणि फाटकं जाळं सांधायला घेतलं. भोंगा झाला की वळून न बघता एक झिंगा मागं ठेवायचा, सुरुंग झाला की आणखी एक. बस, एवढंच. पाचव्या दिवशी पलंगाखालून नाक बाहेर आलं. आठव्या दिवशी अख्खा कुत्रा मामांच्या पाठीला टेकून बसला.

इतकं सोपं दिसल्यावर मी हात घालणारच. मामा तीन दिवस एका लग्नाला गेले आणि सूत्रं माझ्याकडे आली. मला भोंग्यापर्यंत दम निघेना, म्हणून पावणेदोनलाच बहाद्दरला मूठभर झिंगे चारून तयार ठेवू लागलो. तिसऱ्या दिवशी मी नुसतं झिंग्यांच्या डब्याचं झाकण उघडलं, आणि हा पलंगाखाली! त्याचं तरी काय चुकलं? झिंगे आले की मागून धडाका येतो, हे त्याला मीच शिकवलं होतं. परत आल्यावर मामांना सगळं सांगितलं. ते भिंतीकडे बघतच म्हणाले,

"आधी भोंगा, मंग झिंगा. तुमी तर त्याले भेवाचं आवतण देऊन राह्यले."

झिंगे बाद झाले. भाजलेल्या मासोळीवर पुन्हा पहिला दिवस सुरू झाला, आणि मला दोनच्या सुमारास घराबाहेर राहायची आज्ञा झाली.

महिना भरत आला तसे मामा निघाले. दुपारच्या बससाठी आम्ही नवराबायको त्यांच्यासोबत फाट्यावर उभे. बहाद्दर मागोमाग कधी आला कळलंच नाही. गळ्यात दोरीसुद्धा नव्हती. समोरून ट्रकांची रांग चाललेली, आणि भोंगा झाला. मी झेप घेणार, तोच मामांनी माझं मनगट धरलं. मासोळी संपली होती. त्यांनी रस्त्याकडे बघतच रिकामा तळहात मागं केला. बहाद्दर आला, हात हुंगला, चाटला आणि त्यांच्या पायाला टेकून बसला. सुरुंग उडाला. कान तेवढे हलले.

"आता याले कुठी नको पाठवू, बाई," मामा भाचीला म्हणाले. तिनं मान डोलावली.

बस गेली. घरी चल म्हणून मी बहाद्दरला तीनदा हाक मारली. शेवटी तो उठला, मामा उभे होते ती जागा सावकाश हुंगली, आणि आमच्या आधी घराकडे चालू लागला.