मावशीचा राजीनामा

चर्चच्या मंडळीत कुणी अंथरूण धरलं की आधी मावशीला निरोप जायचा, मग डॉक्टरला. नवऱ्याला अर्धांगवायू झाला तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. अकरा वर्षं तिनं त्याचं सगळं केलं. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. तो गेला. दफनाहून परतताना चर्चच्या फाटकातच एका बाईनं तिचा हात धरला. "तुझ्या हाताला गुण आहे गं. आमच्या सासूबाईंना जरा बघून जाशील?"

ती गेली. त्याला आता अठरा वर्षं झाली होती.

कुणाची आंघोळ, कुणाची पट्टी, कुणाच्या शेवटच्या श्वासाला हात हातात. लोक म्हणायचे, "मावशी म्हणजे देवमाणूस!" देवमाणसाची कंबर दुखते, हे कुणाच्या ध्यानात येत नसे. तिची श्रद्धा खोटी नव्हती. गुडघे टेकले की अजूनही मन भरून यायचं. पण अलीकडे प्रार्थनेत एक वाक्य घशाशी येऊन अडायचं. देवाच्या कामातून सुट्टी देवाकडेच मागायची ती कोणत्या तोंडानं?

धाकटी बहीण समुद्राकाठच्या गावात शिवणाचं दुकान चालवायची. फोनवर एकच धोशा. "वरची खोली मोकळी आहे, ताई. ये. दोघी म्हाताऱ्या भांडत बसू."

शेवटी मावशीनं चार ओळींचा राजीनामा लिहिला. तीनदा फाडला, चौथा नेऊन दिला. चर्चच्या पाळकसाहेबांनी वाचला आणि ते मायेनं हसले. "दमलात तुम्ही, मावशी. आठ दिवस आराम करा, सगळं ठीक होईल." कागदाची घडी त्यांच्या खिशात गेली.

पुढच्याच रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी सगळ्यांना थांबवून घेतलं. चर्चच्या मागे आजाऱ्यांसाठी चार खाटांचा दवाखाना बांधून झाला होता. त्याला लागून एक खोली, मावशीला, हयातभर. "आता मावशींना घरोघर हिंडायला नको. आजारीच त्यांच्याकडे येतील!" टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. किल्ली तळहातावर पडली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं, गहिवरली.

"देवाची कृपा," एवढंच ती माइकमध्ये बोलली.

सोमवारी सकाळी ती मोठ्या बाईंकडे गेली. त्या गावच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. सहा वर्षं खाटेवर, तरी जीभ अजून छडीसारखी. मावशीनं त्यांच्या पाठीवर पाणी घातलं तशा त्या किंचाळल्या.

"थंडगार आहे हे! एरवी कोपर बुडवून बघतेस. आज काय झालंय?"

"चुकलं, बाई."

"चुकलं नाही. तुला जायचंय इथून. काल टाळ्या ऐकून आलीस आणि तोंड बघ, जसं काही तुलाच पुरलंय."

मावशी तांब्या धरून खालीच बसली. अठरा वर्षांत हे कुणी ओळखलं नव्हतं. ती रडली, नाक पुसलं, म्हणाली, "तुम्हाला आंघोळ कोण घालेल?"

"घालेल कुणीतरी. वाईट घालेल. मी ओरडेन. तू जा."

मावशी खरंच गेली. पाळकसाहेबांना तिनं "पंधरा दिवस" सांगितलं, मनात कायमचं. बहिणीच्या खोलीत सकाळी उठून तिला कुणाचंच काही करायचं नसे. पहिले तीन दिवस तिला हात कुठे ठेवावेत तेच कळेना. चौथ्या दिवशी ती दुपारभर झोपली. नवव्या दिवशी फोन आला. मोठ्या बाईंनी अन्न सोडलंय, त्यांची सून सांगत होती, फार तर दोन दिवस.

"जाऊ नकोस," बहीण म्हणाली. "एकदा गेलीस की संपलं."

"मला माहीत आहे," मावशी म्हणाली आणि पिशवी भरू लागली.

तिला दारात पाहून मोठ्या बाईंनी डोळे उघडले. "मूर्ख आहेस," त्या म्हणाल्या. मग मावशीच्या हातून पेज प्यायल्या, आणि त्यानंतर चांगली दोन वर्षं जगल्या. रोज तिला परत आल्याबद्दल बोल लावायच्या.

मावशी आता चर्चमागच्या त्या खोलीत राहते. भिंतीपलीकडच्या चारही खाटा सहसा भरलेल्या असतात, आणि कुणी कण्हलं की तिला जाग येते. बहिणीनं वरची खोली भाड्यानं दिली. मंगळवारी दुपारी मात्र मावशी दार आतून लावून घेते आणि कितीही ठोठावलं तरी उघडत नाही. प्रार्थना चालली असेल, म्हणत लोक परत फिरतात. ती आडवी पडून छताकडे बघत असते.