घर न पाहता झालेली सही

ती सकाळ मी अजून विसरू शकलेलो नाही. पुण्याच्या दक्षिण भागातल्या एका ठाण्यात मी तेव्हा वरिष्ठ निरीक्षक होतो. हजेरी नुकतीच आटोपली होती. ठाणे अंमलदारासमोर तिघं जण उभे होते. मंडईत आलं-लिंबू-कोथिंबीर विकणाऱ्या एक मावशी, पक्षाघाताने उजवा हात लुळा पडलेले एक वृद्ध गृहस्थ आणि त्यांना दंडाला धरून सावरणाऱ्या त्यांच्या पत्नी. नावं सांगत नाही, त्यांची गरजही नाही.

गृहस्थांनी डाव्या हाताने एक कागद पुढे केला. "साहेब, ही सही माझी आहे. पण मी केलेली नाही."

ते घरांची किंमत ठरवून देणारे जुने, नोंदणीकृत मूल्यांकनकार. मावशी बिबवेवाडीत नव्या इमारतीत फ्लॅट घेणार होत्या. भाव वाजवी आहे का, हे बाहेरच्या माणसाकडून तपासून घे, असं लेकीने बजावलं होतं. बिल्डरच्या कार्यालयात मावशींनी तसं बोलून दाखवलं, तर "तुम्ही कशाला त्रास घेता, आम्हीच करून देतो" म्हणत तिथल्या मॅनेजरने चार दिवसांत या गृहस्थांच्या नावाचा अहवाल हातात ठेवला. करारनाम्याची तारीख जवळ आली होती. त्याआधी मावशी अहवालावरचा पत्ता शोधत आभार मानायला गेल्या.

"एवढ्या उन्हात माझं घर मोजलं या माणसानं, म्हटलं दोन जुड्या तरी देऊन यावं," मावशी सांगू लागल्या. "तर हे खुर्चीत बसलेले. वर्षभर जिना उतरलो नाही म्हणाले."

तक्रार नोंदवली, अहवाल जप्त केला. मग मी मावशींना विचारलं, "घर तुम्ही स्वतः पाहिलंत ना?"

"पाहिलं की. खाली सजवलेलं दाखवलं. वर काम चालू हाय, पण अगदी अस्संच आहे म्हणाले."

दुपारी पंचांना घेऊन आम्ही सहाव्या मजल्यावर गेलो. अहवालात लिहिलं होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर मोकळं मैदान. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत होती.  मावशींनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि ती भिंत चाचपून पाहिली. 

मॅनेजरने आधी कानावर हात ठेवले. पण त्याच्याकडे अहवाल ज्या ई-मेलवरून आला होता, तो स्वारगेटजवळच्या एका टायपिस्टचा निघाला. या गृहस्थांचे अहवाल बारा वर्षं त्यानेच टाइप केले होते. त्याच्या खणात त्यांचा जुना शिक्काही सापडला. तरी तासभर त्याचं एकच पालुपद, "काकांनी फोनवर सांगितलं, मी उतरवून घेतलं."

अनुभवाने एक शिकलो होतो. खोटं बोलणारा माणूस पोलिसाला जेवढा घाबरतो, त्याहून अधिक त्याला ओळखीच्या माणसाची नजर सहन होत नाही. मी काकांना, म्हणजे त्या गृहस्थांनाच, आत बोलावलं.

ते सावकाश समोर बसले. "चहा घेतलास का रे?"

त्याने मान खाली घातली.

"घर बघून आलास?"

 तो पुटपुटला, "नाही काका."

"सही चोरलीस त्याचं काय ते साहेब बघतील. पण न बघता लिहिलंस? त्या बाईंना तिथे राहायचं होतं रे."

तो हमसून रडायला लागला. काका आजारी पडल्यापासून काम बंद, घरात चणचण, आणि मॅनेजरने दिलेली लालूच, सगळं त्याने जबाबात सांगितलं. फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाचा गुन्हा दोघांवर दाखल झाला. मावशींची बुकिंगची रक्कम परत मिळाली. जाताना काका मला हळूच म्हणाले, "त्याच्या घरी कुणी नीट बोलेल असा माणूस पाठवा. बायको घाबरली असेल."

काही महिन्यांनी मावशींनी दुसरी जागा पाहिली. मूल्यांकन काकांनीच करायचं, हा त्यांचा हट्ट. मी सुट्टीच्या दिवशी सोबतीला गेलो. काका खुर्चीत बसून सांगत होते, पत्नी टेपचं एक टोक धरत होत्या, दुसरं मावशी. खोली नकाशात दाखवल्यापेक्षा लहान भरली. काकांनी पत्नीला अहवालात भाव चढा असल्याचं स्पष्ट लिहायला लावलं. पुढे त्याच कागदाच्या जोरावर मावशींनी विकणाऱ्याकडून भाव कमी करून घेतला.

"काका, फी किती?"

"नेहमीची. आणि पूर्ण घेणार. फुकट मोजणारा माणूस दुसऱ्या कुणाचा तरी असतो, तुमचा नसतो."

आयुष्यभर मी एकाचा जबाब दुसऱ्याकडून पडताळून घेतला. स्वतःचा फ्लॅट घेताना मात्र विकणाऱ्याच्याच फाइलवर डोळे मिटून सही केली होती. हे मी त्या दिवशी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "साहेब, घराचं स्वप्न पडलं की माणूस तपास विसरतो. म्हणून तर डोळे उघडे ठेवणारा तिसरा माणूस लागतो."

मग ते सही करायला बसले. डाव्या हाताने सही जमायला वेळ लागत होता. पत्नीने कागद तळव्याने दाबून धरला होता. आम्ही कुणीच घाई केली नाही.